फुटाला अडीचशे

“धाकूला पुढं येऊ द्या. धाकू ओळखील.”

बाळोजी अण्णांनी हाक मारली तेव्हा मी सगळ्यांच्या मागं उभा होतो. पुढं जायची छाती होत नव्हती. खाली खडपात, दगडांच्या मध्ये एक होडी उलटी येऊन पडली होती. कासवानं पाठ वर काढावी तशी. लाट आली की उचलायची, लाट गेली की दगडावर आपटायची. रिकाम्या पिंपावर कुणी बुक्की मारावी तसा आवाज. अजून कानात आहे तो.

दुपारचे दोन वाजले होते. पाऊस नव्हता, पण वारा असा की तोंडातला शब्द दुसऱ्याच्या कानात जायच्या आधी डोंगरावर पोचायचा.

पहाटे आमच्या कोंडशी बंदरातून दोन होड्या गळानं मासे धरायला गेल्या होत्या. दिवाळी संपली होती, डॉल्फिन बघायला आलेले पाहुणे आपापल्या गावी गेले होते, मग रिकामं कशाला बसायचं म्हणून गेले. एक होडी जयराम दोरकरांची, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याची. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ लखू. ते दक्षिणेला, बगळखडपाकडं गेले. दुसरी पद्माकरची, म्हणजे ह्याच बाळोजी अण्णांच्या मुलाची. तो मेव्हण्याला घेऊन उत्तरेला, पिंपळटोकाकडं गेला. नऊ वाजता वारा फिरला. दहाला समुद्र असा खवळला की बंदरात बांधलेल्या होड्या एकमेकींवर चढल्या. बाहेर गेलेल्या दोघांचेही फोन लागेनात. आणि एकच्या सुमाराला ही आली. एकटी.

दोन्हीतली कुठली, तेच कुणाला कळत नव्हतं.

एकाच साच्यातून, एकाच आठवड्यात निघालेल्या होड्या त्या. जुळ्या बहिणी. बावीस फुटी, फायबरच्या, अंग पांढरं, कडेला निळा पट्टा. इंजिन मागच्या फळीसकट उपटून गेलं होतं. आत काही खूण असली तर उताणी करून बघायला हवी, पण त्या लाटांत जो खाली हात घालील त्याचा हात जायचा. आणि नाव, नंबर? ती जागा कोरी. नुसता पांढरा फटक पत्रा असावा तशी.

“तू पॉलिश केलीस दोघींची,” अण्णा बोलले. म्हातारा दम खात होता. “महिना नाय झाला. इंचाइंचावर हात फिरलाय तुझा. बोल, माझ्या पद्याची हाय की जयरामाची?”

त्यांच्या शेजारी मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी फोन कानाला लावून उभा होता. फोनच्या पलीकडं, बंदरात, दाऊद तांडेल. त्या वाऱ्यात बाहेर जाईल असं इंजिन फक्त दाऊदच्या ट्रॉलरला होतं, आणि तेवढी हिंमत फक्त दाऊदला. तो एकच गोष्ट विचारत होता. उत्तर की दक्षिण? दोन्हीकडं जायला दिवस पुरायचा नाय. सहाला अंधार. जी होडी उलटली तिची माणसं पाण्यात आहेत, त्यांच्याकडं आधी जायचं. दुसरी कुठंतरी खाडीत शिरली असंल तर उद्या सापडंल. पण उलटली कुणाची?

माझी बहीण, शेवंती, अण्णांपासून दोन दगड सोडून उभी होती. मी तिला बाय म्हणतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, ही अकराची. हिच्या हातचं खाऊन वाढलो. पदर कमरेला खोचलेला, केस सुटून तोंडावर आलेले. नुसती माझ्याकडं बघत होती.

मी खाली उतरायला लागलो.

माझं शिक्षण चौथी. पण नऊ वर्षं मुंबईच्या बाजूला एका यार्डात शेठलोकांच्या होड्या घासल्या, आणि ते काम हातात असं बसलं की होडीत बघून दाढी करावी. मग मशीन घेऊन गावी आलो. आमच्याकडं सगळे हसले. मासळीच्या होडीला पावडर-लाली कशाला? पण पाहुण्यांचा धंदा सुरू झाला आणि लोकांना कळलं. फायबर उन्हानं पांढरं पडतं, हात लावला की खडूसारखी भुकटी हाताला येते. पाहुणा चकचकीत होडीकडंच जातो. मग माझा भाव निघाला, फुटाला अडीचशे. आधी मसाला लावून मशीननं घासायचं. ओरखडे, टवके, धक्क्याला घासल्याचे काळे डाग, सगळं जातं. मग वरून मेण. ते हातानं लावायचं, गोल गोल, थोडं थोडं, वाळू द्यायचं, फडक्यानं पुसायचं.

दसऱ्याला होडीची पूजा असते, तर दसऱ्याच्या आधी पद्माकरनं बोलावलं.

“अडीचशे? फुटाला? अरे, होडी घासतोस की सोन्यानं मढवतोस?”

दोनशेवर आणलं. आणि वर माझ्या डोक्याशी स्टूल टाकून बसला. दोन्ही बाजू पुऱ्या होईपर्यंत हलला नाय. मध्येच उठून बोट फिरवायचा, बोट बघायचा, परत बसायचा. “हितं राहिलं बघ धाकू. मेण डब्यातच ठेवायला आणलंस काय?” त्याच्या होडीला मी तीन हात दिले. न देऊन सांगतो कुणाला?

भावोजींनी भावच विचारला नाय. “काय तुझं असंल ते घे. घरच्या माणसाशी कसली घासाघीस? ती होडीशी कर.” आणि गेले जाळी शिवायला.

मेणाचा डबा एकच होता. परदेशी माल, जुन्या मालकाकडून मिनतवारीनं आणलेला. त्यात आधीच एका हॉटेलवाल्याची स्पीडबोट झाली, मग पद्माकरची. भावोजींच्या होडीची एक बाजू झाली आणि डबा खरवडला तरी काही निघेना. दुसरा डबा आठ दिवसांनी येणार. दसरा उद्या.

मी घरी गेलो आणि खोबरेलाची बाटली आणली.

दुसऱ्या बाजूला ते चोळलं. चमकलं हो. उलट जास्तच चमकलं. म्हटलं नवीन डबा आला की गुपचूप करून टाकू, कुणाला कळतंय? संध्याकाळी भावोजी आले. होडीभोवती एक फेरी मारली, तळवा फिरवला आणि हाताचा वास घेतला.

“काय रे धाकू, होडी न्हाऊनमाखून आली काय? केसाच्या तेलाचा वास येतो.”

“मशीनला तेल सोडलं होतं भावोजी. त्याचा असंल.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हसले. खिशातून पैसे काढले, पाच हजार पाचशे, सगळे. “मोज,” बोलले. मी न मोजता खिशात घातले.

नवीन डबा आला. तो दुसऱ्या दोन होड्यांवर गेला. भावोजींची बाजू राहिली ती राहिलीच.

आणि नाव-नंबराचं सांगायचं तर तीही माझीच चूक. आधी नाव चिकटवायचं, मग बाजूनं मेण. हा नियम. पण दसऱ्याची घाई, मी आधी मेण लावून मोकळा झालो आणि दोघांनीही वरून स्टिकर मारले. मेणावर स्टिकर किती दिवस धरणार? चार लाटांत साफ. ज्या ओरखड्यांवरनं लोकांनी होडी ओळखली असती ते मी आधीच घासून काढले होते. आता तिच्या अंगावर खुणा होत्या त्या फक्त आजच्या, दगडांच्या.

खाली पोचलो. गुडघाभर पाणी, मग मांडीभर. वरून कुणीतरी ओरडलं, “जपून रे, पाय अडकंल!”

होडीची अलीकडची बाजू माझ्यासमोर होती. लाट तिच्यावरनं ओघळून गेली, आणि मी बघितलं. पाणी थांबलं नाय. गोळ्या झाल्या. टपोऱ्या, गोल, अळवाच्या पानावर असतात तशा. गोळ्या गोळ्या होऊन घरंगळल्या. मेण. माझंच मेण, जागेवर होतं.

ह्यानं काहीच ठरत नव्हतं. ही बाजू दोघींचीही असू शकत होती.

पलीकडं जायला पाहिजे होतं. पलीकडं समुद्र. मी होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, धरून वळसा घातला. एक लाट छातीवर आली, पाठ दगडाला लागली, शर्ट फाटला. दुसरी यायच्या आत मी हात लांब करून त्या बाजूवर तळवा टेकवला. लाट उतरली.

पाणी पसरलं. चादरीसारखं, सगळ्या अंगभर, सपाट. फरशीवर तांब्या सांडावा तसं. एक गोळी उभी राहिली नाय.

मी गमछानं ती जागा पुसली. ओंजळ भरून पाणी टाकलं. पसरलं. परत पुसली, परत टाकलं. पसरलं. मग थोडं पुढं, दुसऱ्या जागी. पसरलं.

वरून त्यांना वाटलं असंल, धाकूला वेड लागलं, बुडालेली होडी धुतोय.

वर चढून आलो तेव्हा सगळे माझ्याभोवती जमले. वीसेक माणसं होती. त्यातल्या अर्ध्याअधिकांनी माझ्याकडून होड्या घासून घेतल्या होत्या, उरलेले घेणार होते. सेक्रेटरीनं फोनवर हात ठेवला.

“काय रे? ओळखलीस?”

खरं बोलायचं तर माझ्या तोंडात शब्द आला होता. दोरकर. एवढा एकच शब्द. पण तो बोलला की पुढचा प्रश्न ठरलेला, तुला कसं कळलं? मग खोबरेल सांगा. सगळ्यांसमोर सांगा की सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला मी फसवलं, पैसे पुरे घेतले आणि काम अर्धं केलं. आणि समोर ती उभी. मी बोललो की भावोजी पाण्यात. मी बोललो नाय तोवर ते कुठल्यातरी खाडीत, कुणाच्यातरी पडवीत चहा पितायत. ह्यातलं पहिलं कारण मोठं होतं की दुसरं, ते मला आजपर्यंत समजलं नाय. समजून घ्यायला भीती वाटते.

“नाय,” मी बोललो. “सांगता येत नाय.”

“अरे असं कसं नाय?” अण्णा ओरडले. “तुझ्या हातचं काम तुला कळत नाय?”

“दोन्ही सारख्याच केल्या होत्या अण्णा.”

हे मात्र मी मोठ्यानं बोललो. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

अण्णा मटकन दगडावर बसले. “माझ्या पोराचीच हाय,” बोलायला लागले. “पिंपळटोकावर पहिला मार बसतो वाऱ्याचा. त्याचीच हाय. उत्तरेला पाठवा. दाऊदला म्हणावं उत्तर.” कुणी आडवं बोललं नाय. बापाच्या तोंडावर कोण आडवं बोलणार? सेक्रेटरीनं फोन तोंडाशी नेला. “उत्तर. उत्तरेला जा.”

थोड्या वेळानं बंदराच्या तोंडातून दाऊदचा ट्रॉलर निघताना दिसला. नाक वर जायचं, खाली जायचं, दिसायचं, दिसेनासं व्हायचं. मग तो उजवीकडं वळला.

बाय माझ्याजवळ आली. पदरानं माझ्या पाठीचं रक्त पुसलं. “लागलं रे किती,” बोलली. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं, “आपली असती तर तू ओळखली असतीस. होय ना?”

मी शर्टाचं पाणी पिळत राहिलो.

“ओळखली असतीस,” ती स्वतःलाच बोलली. “तुझा हात हाय तो.” तिच्या तोंडावर जरा रंग आला. मला सांगा, त्या रंगाकडं मी कसा बघू? तिनं गावदेवी कालकाईला मनातल्या मनात नारळ बोलला, ओठ हलले तिचे, आणि मग ती गेली कुठं, तर अण्णांकडं. त्यांच्यापुढं उकिडवी बसली. म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले.

“अण्णा, धीर सोडू नका. पद्माकरभाऊ पोहणारा माणूस. दाऊदचाचा गेलाय ना? आणतो बघा. तुम्ही पाणी प्या आधी. कुणीतरी पाणी द्या गो अण्णांना.”

ती त्यांना पाणी पाजत होती. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्याच्या दुःखाला गेलेलं माणूस कसं असतं, आपलं सगळं नीट आहे म्हणून मायेनं भरलेलं, तशी ती दिसत होती.

किती वेळ मी ते बघितलं? विडी विझवून दुसरी पेटवावी एवढा असंल. नाय, जास्त. खोटं कशाला बोलू? ट्रॉलर टोकाआड गेला तरी मी बघतच होतो.

मग मी तिच्यासमोर जाऊन खाली बसलो, दगडावरच.

“बाय, होडी आपली हाय.”

तिनं मान वळवली. तांब्या अण्णांच्या तोंडाशी तसाच.

“एका बाजूला मेण हाय, एका बाजूला नाय. पद्याच्या दोन्हीकडं हाय. तुमच्या होडीला माझ्याकडचं मेण पुरलं नाय बाय. मी दुसऱ्या बाजूला खोबरेल चोळलं आणि पैसे पुरे घेतले. पाणी टाकून बघितलं मी आत्ता. एकीकडं थेंब धरतो, एकीकडं पसरतं. भावोजींचीच हाय. दक्षिणेला पाठवा. बगळखडपाला पाठवा.”

मला वाटलं ती तांब्या मारील. मारला असता तर बरं झालं असतं.

“खोबरेलाचं मला ठाऊक होतं,” ती बोलली.

मी वर बघितलं.

“दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळीच येऊन सांगितलं ह्यांनी. हसून हसून ठसका लागला. बोलले, तुझ्या भावाचं मेण संपलं वाटतं, त्यानं होडीला तेल लावून वेणी घालायचीच बाकी ठेवली. बोलले, त्याला काही बोलू नको, बिचारा लाजंल.” तिचा आवाज चढला नव्हता. “एवढ्याशा गोष्टीसाठी तू गप्प बसलास? मघाशी? धाकू, ट्रॉलर गेला ना रे!”

अण्णा उठले होते. म्हाताऱ्याला काय झालं कळेना, मुलगा वाचला म्हणून हसावं की हिच्यासाठी रडावं. पण त्यांनीच पहिलं तोंड उघडलं. “फोन लाव! अरे बघतोस काय, दाऊदला फोन लाव!”

फोन लागेना. टोकाआड रेंज नाय. वायरलेस होता तो सोसायटीच्या ऑफिसात, बंदरावर, तीन किलोमीटर. मी कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागं बसलो. चालवणाऱ्याला शिव्या घालत होतो, पळव, पळव, आणि तो पळवतच होता. ऑफिसाला कुलूप. किल्ली सेक्रेटरीच्या खिशात, सेक्रेटरी खडपावर. मी खांद्यानं दार तोडलं. वायरलेसवर आधी नुसती खरखर. “दाऊद, दाऊद, कोंडशी बोलतोय.” खरखर. “दाऊद, मागं फिर. होडी दोरकरांची. दक्षिणेला जा. दक्षिणेला.” कितीदा बोललो देव जाणे. घसा फुटला. शेवटी पलीकडून आवाज आला, शांत, दाऊदचाच.

“ऐकलं. फिरतो. पण धाकू, मी टोकाच्या पार पुढं आलोय. इथून बगळखडप म्हणजे बघ, दिवस बुडंल.”

“मार ना दाऊदचाचा. इंजिन फुटू दे.”

“मारतोय रे बाबा,” तो बोलला. “मारतोय.”

साडेचारला पद्माकरचा फोन आला. पलीकडच्या गावच्या खाडीत शिरला होता सकाळी दहालाच, फोन भिजला होता, कुणाच्यातरी फोनवरून बोलला. होडी धड, माणसं धड. तिथं कुणाच्यातरी पडवीत चहा पीत होता. अण्णांनी त्याला फोनवरच आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि ढसाढसा रडले.

आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. बाय सगळ्यांत पुढं. वारा उतरला होता. सूर्य पाण्याला लागला, पाण्यात गेला. लाली राहिली होती मागं तेवढ्यात ट्रॉलर दिसला. दाऊद नाकावर उभा होता. लांबून हात करत नव्हता. तेव्हाच समजलं.

लखूला घोंगडीत गुंडाळून खाली उतरवला. ओठ निळे, हातात डिझेलचा रिकामा कॅन. तो सोडवेना त्याच्या हातातून. बोटं काढायला दोघं लागले. तो बायकडं बघत होता आणि तोंडाची उघडझाप करत होता.

“एकच कॅन होता वैनी,” बोलला. “दोघांनी धरला होता. सकाळपासून धरला होता. दादा मला झोपू देत नव्हते, सारखे बोलवत होते मला. गाणी म्हणायला लावत होते.”

“मग?”

“मग हात सुटला त्यांचा. मी धरायला गेलो, पण...”

“केव्हा?”

लखूनं दाऊदकडं बघितलं. दाऊदनं मान खाली घातली.

“ट्रॉलर दिसला त्याच्या जरासा आधी,” लखू बोलला. “सूर्य एवढा होता अजून.” त्यानं हात पुढं करून दाखवला. पाण्याच्या वर चार बोटं.

चार बोटं म्हणजे दिवस बुडायला तासभर, ते खारव्याच्या घरातल्या बाईला कुणी सांगावं लागत नाय. तिनं तो हात बघितला. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं. एकदाच. पुढं कधी त्यावर एक अक्षर बोलली नाय. त्या दिवशी नाय, तिसऱ्या दिवशी भावोजी वाळूवर सापडले तेव्हा नाय, आणि आज चौदा वर्षं झाली, आजपर्यंत नाय.

ती होडी तिनं विकली नाय. मागची फळी नवीन बसवली, तळ सांधून घेतला, इंजिन सेकंडहँड आणलं. लखू चालवायला लागला. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी मला निरोप आला. होडी घासायचीय.

मी गेलो. दोन नवे डबे घेऊन गेलो. ती अंगणात जाळ्याची गुंतवळ सोडवत बसली होती.

“फुटाला किती?”

“बाय, तुझ्याकडून मी पैसे घेऊ?”

“किती ते बोल.”

“अडीचशे,” मी बोललो.

तीन दिवस लागले. आधी नाव लिहून घेतलं, रंगानं, ब्रशनं, मोठ्या अक्षरांत. दोन्हीकडं. मग मेण. मी चार हात दिले. संपलं तेव्हा ती आली, बादली आणि तांब्या घेऊन. अलीकडच्या बाजूवर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब उभे राहिले, घरंगळले. मग वळसा घालून पलीकडं गेली. मी अलीकडंच उभा राहिलो. मला पाण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाय.

ती परत आली ती पदराची गाठ सोडत. नोटा माझ्यापुढं धरल्या.

“नको गो बाय,” मी बोललो. “पाया पडतो तुझ्या. हे तरी फुकट करू दे मला.”

“घे,” ती बोलली. “फुकटचं काम अर्धं राहतं.”

मी हात पुढं केला.

“मोज,” ती बोलली.

दर वर्षी मोजतो. तिच्यासमोर, एकेक नोट.